झुरिकचं क्रॉसिंग

लवकर पोचण्यासाठी धडपडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांतला एक तर मीच, आणि मी बहुधा उशिराच पोचत आलो आहे. पण आपल्याला उशीर कुठं व्हावा, किती व्हावा आणि कोणाच्या खर्चानं व्हावा याचा महिनोन्‌महिने अभ्यास करून मग विमानाचं तिकीट काढणारा माणूस मी एकच पाहिला. अकोल्याचे भाऊसाहेब वानखडे, वकील.

मी त्यांचा ज्युनिअर होतो. घर अमरावतीला, वकिली अकोल्याला. अमरावतीच्या माणसाला काशीला जायचं असो की कलकत्त्याला, आधी बडनेऱ्याला उतरून गाडी बदलावी लागते. त्यामुळे आमच्यात मूल चालायला लागण्याआधी गाडी बदलायला शिकतं, असं म्हणतात. मी अपवाद. एका शनिवारी अकोल्याहून घरी निघालो, मेलमध्ये डोळा लागला आणि जागा झालो तेव्हा पुलगाव मागं पडलं होतं. सोमवारी कोर्टात उशिरा पोचलो. वाटलं, आता भाऊसाहेब फाडून खाणार. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "झोप कोठी लागली? मूर्तिजापूरच्या अलीकडं का पलीकडं?"

"आठवत नाही, भाऊसाहेब."

"कोण्या कुशीवर होते? खिडकीकडं तोंड व्हतं का डब्याकडं? बडनेऱ्यावर चहावाला वरडत असते, तो आइकू नाई आला? काहून नाई आला?"

पक्षकार बाकावर ताटकळत होता आणि भाऊसाहेब माझ्या झोपेची उलटतपासणी घेत होते. रागाचा लवलेश नव्हता. माणूस झोपेत बडनेरा कसा ओलांडतो, हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

तेल्हाऱ्याकडं त्यांची काळी जमीन होती. घराण्यात सात पिढ्या कपाशी, वकील हे पहिलेच. उंच, रापलेले, हातापायाचे पंजे थेट नांगरावरचे. न्यायाधीशांसमोर त्यांचं इंग्रजी वस्तऱ्यासारखं चालायचं. बाहेर आले की शुद्ध वऱ्हाडी. "इंग्रजी मी कोटासंगं खुंटीले टांगतो," म्हणायचे. कोटाच्या डाव्या खिशात फुटाणे असायचे. युक्तिवाद रंगला की हात आपोआप खिशात जायचा आणि न्यायाधीशांसमोर तसाच रिकामा बाहेर यायचा. ती त्यांची सगळ्यात मोठी तपश्चर्या, असं आम्ही ज्युनिअर म्हणायचो.

छापील गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. "छापलेलं म्हंजे पढवलेला साक्षीदार." त्यामुळे रेल्वेचं वेळापत्रक जवळ असूनही ते गाडीची वेळ हमालाला विचारत, मग टांगेवाल्याला, मग पानवाल्याला, आणि तिघांचं पटलं नाही की आनंदून जात. भाजीवालीला वांग्याचं कूळ विचारत. पत्रिका, मुहूर्त, अंगारे-धुपारे यांची भर बाररूममध्ये टवाळी करत. त्यांच्या तावडीतून काही सुटायचं नाही.

एक गोष्ट सोडून. मुलीच्या घरचं पाणी.

लेक दिली की तिला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, ही रीत आमच्याकडं पुष्कळांनी पाळली आणि पुष्कळांनी सोयीनं विसरली. भाऊसाहेबांनी पाळली. त्यांची एकुलती लेक सुमन परतवाड्याच्या घरात दिली होती. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात एका दस्तऐवजाच्या कामासाठी ते परतवाड्याला गेले तेव्हा मी बरोबर होतो. व्याह्यांनी ओसरीवर बसवलं, पन्ह्याचे पेले आले. भाऊसाहेबांनी पिशवीतून आपला फिरकीचा तांब्या काढला, फिरकी उघडली आणि अकोल्याचं पाणी प्याले. मी मात्र दोन पेले पन्हं प्यालो, तिसऱ्याला नको-नको म्हणून तोही घेतला. व्याही हसून म्हणाले, "भाऊसायेब, हे पोट्टं तुमच्याकडून पिऊन राहिलं का?"

"तो ज्युनिअर हाये," भाऊसाहेब म्हणाले. "त्याचं पेलेलं माह्या खात्यावर येत नाई."

परतताना मी धिटाईनं विचारलं, "तुम्ही तर काहीच मानत नाही, मग हे काहून?"

इतरांना दिवसभर 'काहून' विचारणारा माणूस एसटीच्या खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "सुमीची माय मानते." पुढं दोनेक वर्षांत सुमीची माय गेली. सुमन तेव्हा नवऱ्याबरोबर अमेरिकेत, बोस्टनला. तिला येता आलं नाही. बायको गेल्यावर भाऊसाहेबांनी तो नियम सोडायला हरकत नव्हती; पण त्यांनी तो उलट घट्ट धरला. घरात बायकोची म्हणून तेवढी एकच वस्तू उरली असावी, तसा.

सुमन सुरुवातीला प्रत्येक पत्रात लिहायची, 'बाबा, इकडं या.' भाऊसाहेब उत्तरात पावसाचं लिहायचे. मग तीही हवेचं लिहू लागली. "बोस्टनले बर्फ पडून राहिला," ते पत्र वाचून म्हणायचे आणि पाकिटात आणखी काही आहे का ते बघायचे. काही नसायचं.

एकदा कोर्टात जाताना, टांग्यात, त्यांनी सुमनचं एक पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सुमीले लेकरू होणार नाई म्हणते डाक्टर. मोठा डाक्टर हाये."

मी मांडीवरच्या दप्तराची फीत उगीच घट्ट केली.

"म्हंजे पाहा," ते म्हणाले, "माह्या पाण्याले आता मुदतच राह्यली नाई. पयले तारीख पडत व्हती. आता जन्मठेप."

त्या दिवशी युक्तिवादात त्यांनी खिशात हातच घातला नाही.

यानंतर काही महिन्यांनी दोन बातम्या एकाच आठवड्यात आल्या. भाऊसाहेबांच्या एका कापूस-व्यापारी पक्षकाराचं इंग्लंडमध्ये गाठींच्या प्रतीवरून भांडण लागलं होतं आणि लिव्हरपूलच्या पंचांपुढं वकील पाठवायचा ठरला. आणि सुमननं लिहिलं की नवऱ्याची व्हिएन्नाला परिषद आहे, तो आधी पुढं जाईल, मग तीही अटलांटिक ओलांडून तिकडं जाणार आहे. भाऊसाहेबांनी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली, बराच वेळ बघितली आणि टेबलावर थाप मारली.

"क्रॉसिंग!"

मूर्तिजापूर-यवतमाळच्या छोट्या गाडीचा रूळ एकेरी. जाणारी आणि येणारी गाडी एखाद्या स्टेशनावर एकमेकींसाठी उभ्या राहतात, त्याला आमच्याकडं क्रॉसिंग म्हणतात. दोन्हीकडची माणसं खिडक्यांतून एकमेकांची विचारपूस करतात, लोणच्याची बरणी या खिडकीतून त्या खिडकीत जाते, एखादी सोयरीकसुद्धा जमते. घर ना याचं ना त्याचं. भाऊसाहेबांच्या डोक्यात आलं ते हे. लेक पश्चिमेकडून येते, बाप पूर्वेकडून जातो. मध्ये कुठंतरी, कोणाच्याच नसलेल्या स्टेशनावर, दोघांना उभं करायचं.

मग बाररूमच्या टेबलावर शाळेतून मागून आणलेला जगाचा नकाशा पसरला. विमान कंपन्यांची रंगीत माहितीपत्रकं मुंबईहून यायला लागली. परदेशी नावं कोणाच्या तोंडात बसेनात, म्हणून विमानाच्या शेपटीच्या रंगावरून निळी, लाल, पिवळी अशी त्यांची नावं पडली. दप्तर बांधायच्या दोन लाल फिती, एक मुंबईवरून निघालेली, एक बोस्टनवरून. त्या एकमेकींना कुठं मिळतात यावर वकीलमंडळी पक्षकार सोडून वाद घालू लागली.

अमरावतीचा एक इंजिनियर नुकताच विलायतेहून परतला होता. त्याला मी अकोल्याला घेऊन आलो. भाऊसाहेबांनी त्याला पिंजऱ्यात उभं केल्यासारखं विचारलं, "समजा मुंबईचं इमान लेट झालं. दुसरं इमान थांबते का नाई?"

"नाही थांबत."

"बडनेऱ्याची अमरावती गाडी मेलसाठी थांबते का नाई?"

"ती थांबते, भाऊसाहेब."

"गार्ड कोणी ओळखीचा असन त?"

"विमानाला गार्ड नसतो."

भाऊसाहेब खुर्चीत मागं रेलले. "आन्‌ हे म्हणतात आमचं कनेक्शन जगात भारी! अरे, जे थांबत नाई त्याले कनेक्शन काहून म्हणता बाप्पा?"

पण त्याच साक्षीतून त्यांना हवा तो धागा सापडला. इंजिनियर बोलता बोलता म्हणाला, पुढचं विमान दुसऱ्या दिवशीच असेल, तर रात्रीचं हॉटेल आणि जेवण कंपनी देते. भाऊसाहेबांनी त्याला तीनदा तेच वदवून घेतलं. सरकार त्या काळात परदेशी चलन देवळातल्या प्रसादासारखं द्यायचं, चिमूटभर. लिव्हरपूलचा खर्च पक्षकाराचा, तो लिव्हरपूललाच होणार. वाटेत लेकीला भेटायचं तर जेवणार कोणाचं? जावयाचे डॉलर? अर्थातच नाही. कंपनीचं जेवण मात्र कंपनीचं. ना लेकीच्या घरचं, ना जावयाच्या खिशातलं. कायद्यात बसत होतं.

म्हणजे जगातला प्रत्येक प्रवासी चांगलं कनेक्शन शोधतो आणि आम्हाला वाईट हवं होतं. तेही दोन. बापाचं विमान आणि लेकीचं विमान एकाच सकाळी एकाच गावी उतरावं आणि दोघांचीही पुढची विमानं दुसऱ्या दिवशी असावीत. निळी कंपनी उत्तम होती, तासाभरात पुढं पोचवायची. "नापास!" भाऊसाहेब म्हणाले. पिवळीची ख्याती होती की सामान चुकत नाही, माणूस अडकत नाही. तीही नापास. वकील मंडळींत एखादी कंपनी रखडवते असं कळलं की टाळ्या पडायच्या.

पत्रव्यवहाराचं काम माझ्याकडं होतं. टंकलेखन मला येत होतं, इंग्रजी येतं अशी माझी समजूत होती. मी मनापासून लिहिलं की, कृपया आपलं सर्वांत गैरसोयीचं कनेक्शन कळवावं. निळीचं उत्तर आलं: आमच्याकडं गैरसोयीचं कनेक्शन नाही, आपणास कोणी चुकीची माहिती दिली असल्यास खेद वाटतो. पिवळीनं उत्तरच दिलं नाही. लाल कंपनीच्या मुंबई कचेरीतल्या कोणा सज्जनानं मात्र कळवलं की, झुरिकला एक रात्र थांबून दुसऱ्या सकाळी लंडनला जावं लागेल, खोली आणि जेवणाची कुपनं आम्ही देऊ.

"झुरिक!" भाऊसाहेबांनी नकाशावर अंगठा टेकवला. "हे आपलं क्रॉसिंगचं स्टेशन."

सुमनला कोणत्या कंपनीनं, कोणत्या वाटेनं समुद्र ओलांडायचा ते अकोल्याहून कळवण्यात आलं. तिचं उत्तर आलं. कित्येक महिन्यांनी त्यात हवा नव्हती. 'बाबा, तुम्ही सांगता तसंच तिकीट काढलं. इथला माणूस म्हणाला, याच पैशांत तुम्हाला त्याच दिवशी पोचवतो. मी म्हटलं, नको, आमच्याकडं असंच चालतं. पण मला एवढं सांगा, रात्रभर थांबायचा एवढा हट्ट का?' भाऊसाहेबांनी ते वाचलं आणि उत्तरात लिहायला सांगितलं की, इकडं कपाशी बरी आहे.

आता राहिलं तिकीट हातात येणं. ते आलं. आणि मी, कोणी सांगितलं नसताना, लाल कंपनीच्या त्या सज्जनाला आभाराचं पत्र लिहिलं. इंग्रजी पत्रांच्या एका मार्गदर्शक पुस्तकात शेवटासाठी छान वाक्यं दिली होती. त्यांतलं सगळ्यात भारदस्त मी उचललं: या वृद्ध गृहस्थांची गैरसोय कमी करण्यासाठी आपण जे काही कराल त्याबद्दल आम्ही सदैव ऋणी राहू. वाक्य मला इतकं आवडलं की टंकून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

भाऊसाहेब गेले. अकोला स्टेशनवर आम्ही त्यांना मुंबई मेलमध्ये बसवलं, हार घातले. ते डब्यातल्या माणसाला पंख्याच्या बटणाबद्दल विचारत होते.

परतले तेव्हा स्टेशनवर मी एकटाच होतो. टांग्यात बसल्यावर मी म्हटलं, "क्रॉसिंग झालं?"

"तू त्या लाल कंपनीले काय लिहिलं व्हतं बे?" भाऊसाहेब मला एरवी 'तुम्ही' म्हणत. 'बे' वर आले म्हणजे काहीतरी घडलं होतं.

झालं होतं असं. झुरिकला उतरल्यावर कंपनीची एक गोरी मुलगी हसत सामोरी आली. म्हणाली, तुमच्या कचेरीच्या पत्रातल्या विनंतीवरून तुमची गैरसोय आम्ही दूर केली आहे, दुपारच्याच विमानात तुमची जागा केली आहे. म्हणून खोली नाही, कुपनं नाहीत. भाऊसाहेबांनी तिथं तिच्याशी इंग्रजीत युक्तिवाद केला की, मला माझी गैरसोय परत हवी आहे. तिला वाटलं म्हातारा विनोदी आहे. ती आणखी हसली.

सुमनचं विमानही उशिरा आलं. ती आली तेव्हा दुपार होत आली होती.

"कशी दिसत होती?" मी विचारलं.

"मायसारखी," ते म्हणाले. मग टांगेवाल्याला विचारलं, "घोड्याचा नाल कधी मारला?" त्याचं उत्तर ऐकलं नाही.

सुमनजवळ कुपनं होती, तिची रात्र शाबूत होती. विमानतळाच्या उपाहारगृहात तिनं टेबलावर दोन ताटं मागवली. पाण्याचा पेला बापापुढं सरकवला. भाऊसाहेबांनी फुटाण्याच्या खिशात हात घातला.

"जेवा बाबा."

"मले भूक नाई."

"हे कंपनीचं जेवण आहे ना? तुम्ही म्हणूनच ही वाट काढली ना? मला विमानात बसल्यावर उमगलं."

"हाव. पण माह्यं कुपन त्या बुडबुड्यानं बुडवलं." बुडबुडा म्हणजे मी.

पुढचं त्यांनी मला जसं सांगितलं तसंच लिहितो, कारण त्यात माझं पुस्तकी काही घालायची माझी हिंमत नाही. सुमननं कुपन टेबलावर ठेवलं. "वाचा. नाव कोणाचं?"

"तुह्यं."

"कंपनीनं जेवण कोणाला दिलं?"

"तुले."

"मग आता हे कोणाचं?"

ज्या पोरीला लहानपणी मांडीवर बसवून भाऊसाहेब उलटतपासणीची तयारी करायचे, तिनं त्यांना कोंडीत धरलं होतं. "हे माझं आहे, बाबा," ती म्हणाली. "माझ्या घरचं म्हणा, माझ्या हातचं म्हणा. नाही जेवलात तर नका जेवू. पण एक सांगा. मला लेकरू होणार नाही. तुम्ही आता कोणाची वाट पाहून राहिले?"

अमेरिकेत इतकी वर्षं राहिलेली पोरगी ते शेवटचं वऱ्हाडीत बोलली, हे भाऊसाहेबांनी मला दोनदा सांगितलं.

तेवढ्यात भोंग्यातून पुकारा झाला. नाव ओळखू येत नव्हतं, पण वानखडेच होतं. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. कोर्टात शिपायाचा पुकारा झाला की हातातला घास टाकून उठणारा हा माणूस. "जिंदगीत पयल्यांदा," ते म्हणाले, "पुकाऱ्याले उभा नाई राह्यलो."

"मग?"

"मंग काय? इमान गेलं."

"आणि पाणी?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसे ते वेळ वाया घालवणाऱ्या साक्षीदाराकडं बघत. "थंड व्हतं," ते म्हणाले. "दाताले लागलं."

हॉटेलवाल्यानं सुमनच्या खोलीत आणखी एक खाट टाकून दिली. दुसऱ्या सकाळी ते लंडनच्या विमानात बसले; लिव्हरपूलची सुनावणी त्याच्याही एक दिवस पुढं होती, ती चुकली नाही. तिथं काय झालं ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माझ्या त्या आभाराच्या पत्राबद्दल मात्र त्यांनी पुढं कधी मला रागावल्याचं आठवत नाही. एकदा फक्त बाररूममध्ये, माझं एक इंग्रजी निवेदन वाचून, ते चारचौघांत म्हणाले, "याच्या इंग्रजीनं माह्यं एक इमान चुकवलं. कोणाले चुकवायचं असन त सांगा."

नंतर माझी स्वतःची वकिली अमरावतीला सुरू झाली आणि भेटी कमी झाल्या. तीनेक वर्षांनी एका कामासाठी अकोल्याला गेलो होतो. परतीच्या गाडीसाठी फलाटावर उभा होतो, तर समोरच्या फलाटावर मुंबई मेलच्या डब्यात भाऊसाहेब. अंगात नवा, ढगळ लोकरी कोट. खिडकीशी त्यांचा म्हातारा स्वयंपाकी उभा. मी पूल ओलांडून धावत गेलो.

"कुठं, भाऊसाहेब?"

"बोस्टन. सुमीकडं."

मी हबकलो. मग जुनी खोड जागी झाली. "कोणती कंपनी? निळी की लाल?"

"काय माईत बाप्पा. तिकीट सुमीनं पाठवलं."

"उतरायचं कुठं कुठं? बदलायचं कुठं?"

"ते बी तिलेच माईत."

जन्मभर जगाची उलटतपासणी घेणारा माणूस, आणि आपण कुठल्या वाटेनं चाललो हे त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं. गाडीनं शिट्टी दिली. स्वयंपाकी काकुळतीला येऊन म्हणाला, "भाऊसायेब, कधी येसान? कणीक किती भिजवत जाऊ?"

गाडी हलली. भाऊसाहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि शेजारच्या गल्लीत निघाल्यासारखं म्हणाले, "माह्यी वाट पाहू नको. मी जेवूनच येतो."